बटण दाबल्यावर कोण येतं, बिल कोण भरतं

आमच्या कॅलिफोर्नियातल्या, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या ट्रेक करणाऱ्या मराठी मंडळींत एक समजूत घट्ट बसलेली आहे. सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र, सॅकला लटकवला की हेलिकॉप्टरची सोय झाली, आणि त्याची महिन्याची वर्गणी भरली की हेलिकॉप्टरचा खर्चही त्यातच आला. सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेत राय लेक्सला जायचं ठरलं तेव्हा मी हे दोन्ही प्रश्न घेऊन बसले. नवरा म्हणाला, "अगं, आपण फिरायला चाललोय, कर्ज काढायला नाही." पण विम्याच्या अटी वाचायची मला सवय आहे, नोकरीच तशी आहे.

आमची वाट पूर्वेकडून होती. इंडिपेन्डन्स गावातून घाटरस्त्याने ऑनियन व्हॅलीला चढायचं. तिथे गाडी लावायची, किअरसार्ज पास ओलांडायचा, मग ग्लेन पास चढून पलीकडे राय लेक्सच्या तळ्यांपाशी उतरायचं आणि त्याच वाटेने परत. किअरसार्ज पास पावणेबारा हजार फुटांच्या आसपास आहे, ग्लेन पास जवळपास बारा हजार. परमिट लागतं, त्याचा कोटा ठरलेला असतो. अस्वलाला उघडता येणार नाही असा जेवणाचा डबा सक्तीचा आहे. तो भरलेला डबा सॅकमध्ये बसवणं हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

आता किअरसार्ज पास ही नुसती खिंड नाही, हद्द आहे. खिंडीच्या पूर्वेला इन्यो नॅशनल फॉरेस्ट आणि इन्यो काउंटी. तिथे कोणी अडकलं तर जबाबदारी शेरिफची, म्हणजे त्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाची, आणि प्रत्यक्ष शोधायला जाणारे बहुतेक स्वयंसेवक. पश्चिमेला पाऊल टाकलं की किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्क. तिथे पार्कचे स्वतःचे रेंजर आणि पार्कचं हेलिकॉप्टर. म्हणजे दहा पावलांच्या फरकाने तुम्हाला सोडवायला येणारी माणसं बदलतात. आपल्या हातातलं यंत्र यांपैकी कोणाचंच नसतं, ते फक्त निरोप पोचवतं.

यंत्र कुठलं घ्यावं यावर घरात बराच काथ्याकूट झाला. नवऱ्याचा मित्र पीएलबीचा कट्टर समर्थक. पीएलबी म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झवर संकटाचा संदेश सोडणारी छोटी पेटी. तो संदेश कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह ऐकतात. अमेरिकेत जमिनीवर भटकणाऱ्या सामान्य माणसाला ती वापरायची मुभा २००३ मध्ये मिळाली. तिला वर्गणी नाही, एकदा विकत घ्यायची, नोआ या अमेरिकी सरकारी हवामान-सागर संस्थेकडे फुकट नोंदणी करायची आणि दर दोन वर्षांनी ती ताजी करायची. बॅटरी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते आणि वेळ आली की किमान चोवीस तास संदेश सोडत राहते. पण ती फक्त ओरडते, तिला कान नाहीत. समोरच्याला आपण कुठे आहोत ते कळतं. आपल्याला काय झालंय ते कळत नाही, आणि कोणी निघालंय की नाही हे आपल्याला कळत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, आयफोनमध्येच सोय आहे की. आहे. आयफोन १४ पासून, २०२२ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली, आणि अमेरिकेत आता साधे मेसेजही उपग्रहावरून जातात. पण आमचा फोन हाच नकाशा, तोच कॅमेरा, तोच रात्रीचा टॉर्च. थंडीत त्याची बॅटरी कशी मान टाकते ते मी पाहिलंय. शिवाय उपग्रह गाठायचा तर फोन हातात धरून आकाशात कुठे रोखायचा ते स्क्रीनवर बघत बसावं लागतं. हात मोडलेल्या माणसाने ते करून दाखवावं.

शेवटी गार्मिनचा इनरीच मिनी २ घेतला. वजन शंभर ग्रॅम, किंमत चारशे डॉलरच्या घरात, वर महिन्याची वर्गणी. तो इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालतो आणि त्यावर दोन्ही बाजूंनी मेसेज जातात-येतात. एसओएस दाबलं की संदेश टेक्सासमधल्या मॉन्टगोमेरी इथल्या केंद्रात जातो. पूर्वी ते केंद्र जिऑस नावाच्या कंपनीचं होतं, २०२१ मध्ये गार्मिनने ते विकत घेतलं. चोवीस तास तिथे माणसं बसलेली असतात. ती तुमच्याशी बोलतात, तुम्ही कोणाच्या हद्दीत आहात ते पाहून त्या यंत्रणेला कळवतात, आणि तुम्ही सुटेपर्यंत दोन्हीकडचे निरोप फिरवत राहतात. वर्गणीत येतं ते एवढंच. हेलिकॉप्टर येत नाही.

मग बिल कोण भरतं? इथे मी खरी रमले.

नॅशनल पार्क शोध आणि सुटकेचे पैसे सहसा मागत नाही. पार्कच्या हेलिकॉप्टरने तुम्हाला डोंगरातून काढलं तर त्याचं बिल येत नाही. पण ते हेलिकॉप्टर तुम्हाला एखाद्या मोकळ्या जागी उतरवतं आणि तिथून पुढे रुग्णवाहिका लागते. ती गाडी असेल, नाहीतर खाजगी एअर ॲम्ब्युलन्स. या दुसरीचं बिल हजारो नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत जाऊ शकतं. २०२२ पासून नो सरप्रायझेस ॲक्ट लागू झाला. त्यामुळे नेहमीचा आरोग्य विमा असलेल्या माणसाला विमा कंपनीच्या जाळ्याबाहेरची एअर ॲम्ब्युलन्स वरचे पैसे लावू शकत नाही. गंमत म्हणजे जमिनीवरच्या रुग्णवाहिकेला तो कायदा लागूच नाही. आणि भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी आपण जो व्हिजिटर इन्शुरन्स काढतो, त्यालाही या कायद्याचं छत्र नाही. सासूबाई-सासरे येतात तेव्हा योसेमिटी दाखवायचं असतंच. त्यांच्या पॉलिसीत मेडिकल इव्हॅक्युएशन हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. "डॉक्टरांच्या मते आवश्यक आणि कंपनीच्या पूर्वपरवानगीने" हे शब्द मात्र चार पानं उलटल्यावर सापडतात.

तिसरा प्रकार रेस्क्यू मेंबरशिपचा. वर्षाचे पैसे भरायचे, मग कुठे अडकलात तर कंपनी बाहेर काढते आणि घराजवळच्या रुग्णालयात पोचवते. मी दोन-तीन कंपन्यांच्या अटी छापून काढल्या आणि पेन्सिल घेऊन बसले. सगळ्यात महत्त्वाची अट अशी, की सोय कंपनीने केली तरच पैसे कंपनीचे. तुम्ही परस्पर हेलिकॉप्टर बोलावून मग बिल पाठवलंत तर बहुधा काही मिळत नाही. काहींमध्ये घरापासून ठरावीक मैलांपलीकडे गेलात तरच सदस्यत्व जागं होतं, म्हणजे आमच्या घरामागच्या टेकडीवर पाय मोडला तर शून्य. एका मोठ्या कंपनीची उंचीची मर्यादा पंधरा हजार फूट, त्यावर जायचं तर जादा पैसे. सिएरातलं सगळ्यात उंच शिखर माउंट व्हिटनी १४,५०५ फूट आहे, त्यामुळे इथे प्रश्न येत नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्यांनी मात्र ही ओळ दोनदा वाचावी, तो १७,५०० फुटांच्याही वर आहे.

एका कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. तिने विचारलं, "दोर वापरणार का?" म्हटलं, नाही. "मग ते हायकिंग." वाटेत बर्फ असेल आणि बुटांना काटे लावले तर? ती थांबली, वरिष्ठांना विचारून आली. "काटे चालतील, आइस ॲक्स असेल तर मात्र माउंटेनियरिंग." मी म्हटलं, हे लेखी द्या. ईमेल आली नाही. त्या कंपनीकडे आम्ही गेलो नाही.

राज्याराज्यांतही तऱ्हा वेगळ्या. न्यू हॅम्पशरमध्ये निष्काळजीपणे अडकलात तर राज्य तुमच्याकडून सुटकेचा खर्च वसूल करू शकतं. २०१५ पासून तिथे पंचवीस डॉलरचं एक कार्ड मिळतं, ते घेतलेलं असलं तर साध्या निष्काळजीपणासाठी वसुली होत नाही. कोलोरॅडोतही असंच स्वस्त कार्ड आहे आणि बरेच लोक त्याला विमा समजतात. ते विमा नाही. त्याचे पैसे एका निधीत जातात आणि शोधपथकांचा खर्च त्यातून भरून निघतो. शोधपथकं तिथे तसेही पैसे घेत नाहीत, आणि ॲम्ब्युलन्सचं बिल कार्ड असलं तरी तुमचंच.

सगळं वाचून झाल्यावर आम्ही आमचा आरोग्य विमा तसाच ठेवला, एक मेंबरशिप घेतली, आणि मला वाटतं त्या दोन्हींपेक्षा जास्त वेळ यंत्राच्या मागच्या नोंदी भरण्यात घालवला. आपत्कालीन संपर्क म्हणून माणूस असा हवा जो तुमच्याबरोबर डोंगरात नाही आणि रात्री दोनला फोन उचलतो. नवरा तर माझ्याबरोबरच. म्हणून सनीव्हेलला राहणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदेचं नाव दिलं. तिला बसवून वाट समजावली, परमिटची प्रत दिली. नाशिकला आईला नकाशाच्या पानाची लिंक दिली. त्यावर दर दहा मिनिटांनी आमचा ठिपका पुढे सरकताना दिसतो. यात धोका आहे हे मला नंतर कळलं.

प्रवासाचे पहिले दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं विशेष नाही. तळी निळी होती, डास भरपूर होते. आमच्या प्लॅनमध्ये आधी ठरवून ठेवलेले मेसेज वेगळे पैसे न पडता जातात, त्यातला "मुक्कामी पोचलो, सगळं ठीक" हा रोज संध्याकाळी आईला आणि नणंदेला जायचा.

ग्लेन पासवरून राय लेक्सकडे उतरताना वाट वळणं घेत दगडांच्या खचातून जाते. मधे मधे घसारा आहे. तिथे एक अमेरिकन गृहस्थ वाटेच्या कडेला बसलेले दिसले. सत्तरीचे असावेत, एकटेच, जॉन म्युअर ट्रेल या सिएरातल्या लांब पल्ल्याच्या वाटेवर निघालेले. एक पाय लांब केलेला, बूट अजून पायातच, आणि पाऊल नडगीच्या रेषेत नव्हतं. एवढं पाहिल्यावर डॉक्टर असायची गरज नव्हती. ते मात्र शांतपणे म्हणाले, "थोडा वेळ बसलो की चालता येईल." त्यांच्याकडे पीएलबी होती. सॅकच्या तळाशी होती, आणि ती दाबायची त्यांची तयारी नव्हती. "इतकंही काही झालेलं नाही," म्हणाले. आमच्याकडे डोकं फुटल्याशिवाय दवाखान्यात न जाणारे काका असतात, त्यांतलेच.

आम्ही त्यांना म्हटलं, आमच्या यंत्रावर आपण निदान बोलून तरी बघू. बोलता येतंय म्हटल्यावर ते तयार झाले. झाकण उचललं, बटण दाबून धरलं. उलटी मोजणी सुरू होते, त्यात विचार बदलला तर रद्द करता येतं. मग पहिला निरोप जायला वेळ लागला. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती, डोक्यावर आकाशाची पट्टी. यंत्र एका मोठ्या दगडावर उताणं ठेवलं आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो, वरणाला उकळी येण्याची वाट बघावी तसे.

उत्तर आलं. काय झालंय, किती माणसं, जखमी माणूस शुद्धीवर आहे का, पायावर भार देता येतो का, रक्तस्राव आहे का, पाणी, गरम कपडे आणि आसरा आहे का. मी फोन यंत्राला जोडून टाइप करत होते. यंत्राच्या त्या एवढ्याशा बटणांवर एकेक अक्षर शोधत हे सगळं लिहिणं अशक्य होतं. एका मेसेजमध्ये १६० अक्षरं. आपण किती पाल्हाळ लावतो ते तेव्हा कळतं. "यंत्र आमचं, जखमी माणूस दुसरा, पुरुष, सत्तरच्या आसपास, घोटा मोडल्यासारखा, डोक्याला मार नाही." मग त्यांनी वाऱ्याचं विचारलं, ढगांचं विचारलं, जवळ सपाट मोकळी जागा किती लांब हे विचारलं. पार्कला कळवलंय, रेंजर पायी निघते आहे, दुपारचे ढग आणि वारा पाहता हेलिकॉप्टर आज येईलच असं नाही, असं त्यांनी लिहिलं.

ही शेवटची ओळ माझ्या दृष्टीने त्या चारशे डॉलरची किंमत होती. हेलिकॉप्टर आज येणार नाही हे दुपारीच कळल्यामुळे आम्ही रात्रीची तयारी उजेडात केली. मागून जॉन म्युअर ट्रेलवरचे दोन तरुण आले. सगळ्यांनी मिळून काकांना आधार देत खालच्या छोट्या तळ्याजवळच्या सपाटीवर नेलं. बूट काढायचा की नाही यावर वाद झाला. शेवटी लेस सैल केली आणि स्लीपिंग मॅट गुंडाळून पाय त्यात बांधला. रेंजर संध्याकाळी पोचली, तिने आमचं बांधकाम सोडून नीट स्प्लिंट बसवला आणि वायरलेसवर बोलली. तिचाही वायरलेस तिथून नीट लागत नव्हता, थोडं वर चढून जावं लागलं. याच पार्कात १९९६ च्या जुलैत रँडी मॉर्गन्सन हा वर्षानुवर्षं सिएरा पायाखाली घातलेला रेंजर आपल्या चौकीतून गस्तीला निघाला आणि परतला नाही. वायरलेस त्याच्याकडेही होता. त्याचे अवशेष सापडायला २००१ साल उजाडलं. रेंजरने त्याचं नाव काढलं तेव्हा काकाही गप्प झाले, आणि पीएलबी सॅकच्या तळातून वरच्या कप्प्यात आली.

इकडे हे चाललेलं असताना सनीव्हेलला काय झालं ते आम्हाला रात्री कळलं. एसओएस दाबलं की केंद्र नोंदवलेल्या संपर्काला फोन करतं. तसा तो नणंदेला गेला. "तुमच्या वहिनीच्या यंत्रावरून संकटाचा संदेश आला आहे." तिच्या हातातली कणीक हातातच राहिली. जखमी माणूस दुसराच आहे हा तपशील माझ्या पुढच्या मेसेजमध्ये होता आणि तो तोवर आकाशात अडकलेला होता. नंतर मी तिला वेगळा मेसेज केला, रोमन लिपीत मराठी: "amhi donghe thik, dusryala lagla, ghabru nako." तिचं उत्तर आलं ते इथे छापण्याजोगं नाही.

नाशिकला आई पहाटे साडेपाचला उठली, चहा ठेवला आणि नकाशा उघडला. इथे तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजले होते. ठिपका दुपारपासून एकाच जागी. मुक्कामाचा मेसेज नाही. तिने नणंदेला फोन लावला, तोवर नणंदेकडे खरी बातमी पोचली होती, म्हणून निभावलं. त्या नकाशाबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. घरच्यांना ठिपका दाखवायचा असेल तर न हलणाऱ्या ठिपक्याची शंभर साधी कारणंही आधी सांगून ठेवायची. बॅटरी, दरी, झोप, किंवा यंत्र सॅकमध्ये खाली दबलेलं असणं.

हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, वारा पडलेला असताना. आम्हाला टोप्या आणि मॅट दगडाखाली दाबायला सांगितल्या होत्या. खाली उतरून, काकांना घेऊन, पुन्हा वर जायला त्याला फार वेळ लागला नाही. मग मी केंद्राला कळवून एसओएस बंद केलं. ते आपल्याला बंद करावं लागतं, नाहीतर केंद्राचे प्रश्न येत राहतात.

काकांची ईमेल काही आठवड्यांनी आली. घोट्यात प्लेट घातली होती. पार्ककडून बिल नाही. हेलिकॉप्टर उतरलं तिथून रुग्णालयापर्यंतच्या गाडीचं बिल आलं, त्यातलं बरंचसं मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, उचललं, उरलेलं त्यांच्या पूरक विम्याने. त्यांनी आमच्या जादा मेसेजचे पैसे विचारले होते. पैसे घेतले नाहीत, पण विचारलं हे आवडलं.

डिसेंबरात नाशिकला जायचं ठरलं तेव्हा भाऊ म्हणाला, "ते यंत्र घेऊन ये, हरिश्चंद्रगडाला नेऊ." हे मात्र अजिबात करू नये. भारतात उपग्रहावरून बोलणारी यंत्रं सरकारी परवानगीशिवाय आणता किंवा वापरता येत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईंना सामानात असंच गार्मिन सापडलं म्हणून थांबवून ठेवलं होतं. सुरक्षा तपासणीत त्यांनी स्वतःच ते ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. अमेरिकेत जे चारशे डॉलर देऊन कोणीही घेतं, ते मुंबईच्या विमानतळावर पोलीस केस होऊ शकतं. सह्याद्रीत अजून तरी भिस्त माणसांवर आहे. पायथ्याच्या गावातला वाट माहीत असलेला मामा, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं, जी रात्री-अपरात्री दोर घेऊन कड्यावर जातात आणि पैसे मागत नाहीत. आमचं यंत्र त्या सुट्टीत कॅलिफोर्नियात कपाटात राहिलं, वर्गणी स्थगित करून.

पुढच्या मोसमासाठी नणंदेने संपर्क म्हणून नाव ठेवायला होकार दिला, पण अटींवर. तिने एका कागदावर स्वतःच लिहून काढलंय: आमची वाट, कुठल्या हद्दीत कुठली यंत्रणा, गाडीचा नंबर आणि ती कुठे लावली, दोघांची औषधं आणि ॲलर्जी, मेंबरशिपचा क्रमांक आणि त्यांचा फोन, कारण कंपनीला आधी कळवायची अट आहे आणि डोंगरातून ते आम्हाला सुचणार नाही. सगळ्यात खाली लाल पेनने एक ओळ आहे. एसओएस दाबल्यावर दुसरा मेसेज मला, आणि त्यातला पहिला शब्द कोणाला लागलंय हा.